अंगाईची दुसरी ओळ

आमच्या घराला दोन दारं होती आणि दोन्हीकडे पाणी. पुढच्या दारातून निघून सुरूच्या बनातून गेलं की समुद्र, मागच्या दारातून चार माड ओलांडले की खाडी. देवबागात बहुतेक घरांचं असंच आहे. येणारे पाहुणे त्याला निसर्गाचं वरदान म्हणतात आणि आम्ही दर पावसाळ्यात कोणतं पाणी आधी घरात शिरेल त्यावर पैजा मारतो. पुढच्या दोन खोल्या आई पाहुण्यांना द्यायची. त्यांचा चहा, घावणे, दुपारचं माशांचं जेवण, सगळं पुढच्या दाराने. मागची पडवी मात्र तिची स्वतःची. तिथे ती तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, फोडायची, बांगडे साफ करायची, तिरफळं उन्हात घालायची आणि रोज सकाळी आंघोळ झाली की भिंतीला टेकवलेल्या वाटोळ्या आरशात बघून कुंकू लावायची. आरसा लहान होता. त्यात तिचं कपाळ आणि तिच्या खांद्यामागची थोडी खाडी एवढंच मावायचं.

खाडीच्या पलीकडच्या काठावर माझे बाबा राहत. हे एकदम सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि लपवायचं म्हटलं तरी लपण्यासारखं नव्हतं. बाबा तरीवर होते, म्हणजे होडीने माणसं खाडीच्या या काठावरून त्या काठावर पोचवायचं काम. एका संध्याकाळी ते शेवटची खेप घेऊन पलीकडे गेले आणि होडी तिकडेच बांधली. तिथे एका बाईचं घर होतं, पुढे तिथेच त्यांनी संसार मांडला, मुलंबाळं झाली. मी तेव्हा अडीच वर्षांची होते आणि ताई अकरा. आमच्या पडवीतून त्यांची होडी दिसायची. तिला नवा रंग दिला तरी आम्हाला इथे बसून कळायचं. घरात त्यांचं नाव काढायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता, तरी तो कुणी मोडतही नव्हतं.

आई कामात असली की एकच अंगाई गुणगुणायची. मांडीवर मूल असो नसो, हातात सुरी असो की रोवळी. मी त्या अंगाईवरच वाढले, त्यामुळे तिच्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही.

नीज गो बाये, वारो पडलो,
दर्याच्या पोटात बापूस गेलो,
भरतेवांगडा येतलो.

वारा पडला, बाप समुद्राच्या पोटात गेला, भरतीबरोबर येईल. एवढंच. शाळेत जायला लागल्यावर पहिल्याच वर्षी पोरांनी मला तरीच्या धक्क्यावर नेऊन बोट दाखवलं की तो बघ तुझा बापूस. कोकणात असली माहिती मागावी लागत नाही, घरपोच मिळते. तरीसुद्धा गाण्यातला बापूस वेगळा आणि बोटाच्या टोकाचा बापूस वेगळा, अशी मी मनातल्या मनात सोय करून टाकली होती. आता मी कुडाळला शाळेत मराठी शिकवते, आणि एकाच ओळीचे दोन पाठ कसे तयार होतात ते मुलांना फळ्यावर लिहून दाखवते. ते लिहिताना खडू कधीकधी हातात थांबतो, मुलांना वाटतं बाईंना पुढचं आठवत नाही.

माझी ताई शुभांगी गायची. बारावी झाल्यावर ती मुंबईला मावशीकडे गेली, आधी एका वाद्यवृंदात उभी राहिली आणि मग बघता बघता नाव कापून ‘शुभी’ झाली. तिची पहिली गाणी नाचायची होती. हळदीला वाजायची, वरातीत वाजायची, मसुऱ्याच्या जत्रेत फिरत्या पाळण्याच्या भोंग्यावर मी ती स्वतःच्या कानांनी ऐकली आणि मैत्रिणींना ‘ही माझी ताई’ म्हणून इतक्यांदा सांगितलं की त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. आईला त्या गाण्यांचा अभिमान होता, पण ती तो कबूल करायची नाही. ‘आवाज बरो आसा,’ म्हणायची, ‘पण ह्या उड्या मारणाऱ्या गाण्यात श्वास खंय घेता ती?’ आणि मग पाहुण्यांना चहा देताना मुद्दाम विचारायची, ‘तुम्ही शुभीची गाणी ऐकता का हो?’ पाहुण्यांशी आई पुस्तकातलं मराठी बोलायची.

मी पंधरा वर्षांची होते तेव्हा ताईचा फोन आला. आमच्या घरात तेव्हा फोनला रेंज नसायची. किनाऱ्यावर एक जुनी होडी उपडी घातलेली होती, तिच्यावर चढून उभं राहिलं तर आवाज यायचा. ताई म्हणाली, नवा अल्बम करतेय, या वेळी नाचायची गाणी नाहीत, माझी स्वतःची. त्यात आपली अंगाई घ्यायची आहे. ‘आयेक कळू देव नको. ती म्हणत असली काय फोनवर भरून घे आणि माका धाड.’ मग जरा थांबून तिने विचारलं, ‘अजून तशीच म्हणता आये?’

‘तशीच म्हणजे कशी? नेमीच म्हणता तशी.’

‘बरां,’ ताई म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी फोन ओल्या पंच्याखाली लपवून आईजवळ बसले आणि तिसऱ्या फोडताना तिने म्हटलेली अंगाई भरून घेतली. मागे सुरीचा आवाज, वॉटर स्कूटरची घरघर आणि मधेच आईचं ‘कावळो बघ गो!’ हेसुद्धा आलं. होडीवर चढून ते मुंबईला धाडताना मला आपण फार मोठी कामगिरी केली असं वाटलं होतं.

अल्बम आला तो एप्रिलमध्ये. नाव ‘ओहोटी’. सात गाणी, आणि सातवी आमची अंगाई, ताईच्या आवाजात, सोबतीला फक्त एक गिटार. मी रोज शाळा सुटली की त्या उपड्या होडीवर जाऊन लोकांनी खाली काय लिहिलंय ते वाचायची. पहिले दोन दिवस तर डोळ्यांत पाणीच यायचं. तिचे जुने चाहते भडकले होते. आता हळदीला काय वाजवायचं, असं एकाने लिहिलं. शुभीला कुणीतरी झोपेची गोळी दिलीय, असं दुसऱ्याने. एकाने तर सातही गाण्यांखाली फक्त जांभई देणारं तोंड टाकलं होतं, सात वेळा, चिकाटीने. मी त्याला शिव्या लिहिल्या आणि भीतीने लगेच पुसल्या. तिला परत पाळण्याच्या भोंग्यावर जावं लागणार, असं मला वाटायला लागलं.

मग हळूहळू ते सातवं गाणं लोकांना लागलं. कुठल्यातरी बाईने लिहिलं की माझे वडील मी चार वर्षांची असताना गेले, हे गाणं ऐकून मी कपड्यांच्या घड्या तशाच टाकून रडले. तिच्याखाली दुसरीने लिहिलं, मग तिसऱ्याने. कुणाचा बाप घाटात, कुणाचा आजारात, कुणाचा दारूत. आणि प्रत्येक जण शेवटी लिहायचा की बापाला समुद्राने नेलेल्या या लेकीला आमचा नमस्कार. मी ते वाचत होते आणि मला कळत नव्हतं की हे कुणाबद्दल चाललंय. मग ताईची एक मुलाखत आली. तिला विचारलं, ही तुमच्या वडिलांची कहाणी आहे का? ताई गप्प राहिली. बराच वेळ गप्प राहिली, खाली बघितलं आणि म्हणाली, पुढचा प्रश्न. झालं! त्या गप्प राहण्यावर लोकांनी सबंध माणूस बुडवला. वादळ, फुटलेली होडी, किनाऱ्यावर कंदील घेऊन उभी असलेली आई, सगळं त्यांनीच उभं केलं.

गावाने ऐकलं तेव्हा आधी हसून घेतलं. शेजारची द्रौपदीकाकी पडवीत येऊन बसली आणि डोळे बारीक करून म्हणाली, ‘गो, तुझो घोव बुडालो खंयच्या साली? काल तर माका मासळीच्या बाजारात गावलो, सुंगटां निवडीत होतो.’ आईला काहीच माहीत नव्हतं. तिला वाटलं काकीची नेहमीची थट्टा, तिने हसण्यावारी नेलं. मी माजघरात उभी राहून सगळं ऐकत होते.

आईला खरं कळलं ते मे महिन्यात, पुण्याच्या एका बाईंकडून. बाई चांगल्या होत्या, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. त्या नवऱ्याला घेऊन मुद्दाम आमच्याकडे उतरल्या होत्या. सकाळी आई घावणे घेऊन गेली तर त्यांनी तिचा हात हातात घेतला. ‘वहिनी, तुमच्या मुलीचं गाणं ऐकून आलोय आम्ही. तुमच्या मिस्टरांना समुद्राने नेलं, आणि तुम्ही अजून कुंकू लावता. खरंच, फार धीराच्या आहात.’ त्यांचे डोळे भरले होते. आईने हात सोडवून घेतला नाही. ‘घावणे गार होतील, खाऊन घ्या,’ एवढंच म्हणाली आणि मागच्या पडवीत आली. मला म्हणाली, ‘लाव तां गाणां.’

माझ्या फोनमध्ये ते उतरवून ठेवलेलं होतं. आईने ते उभ्याने ऐकलं. तिची ओळ आली तेव्हा तिच्या तोंडावर काय उमटलं ते मी बघितलं. तिने ती ओळ ओळखली होती. ओळखणारच, तिची स्वतःची होती. मला वाटलं, आता विचारेल, ह्यां तिका कोणी दिलां? मी उत्तर जुळवत होते. तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर ओळ आपली आहे हे कबूल करावं लागलं असतं, हे मला तेव्हा उमगलं नाही. तिने पदराने कपाळ पुसलं, घाम तेवढा पुसला, कुंकू नाही, आणि काकीच्या अंगणात चार बायका होत्या तिथे जाऊन सगळ्यांदेखत म्हणाली, ‘माझ्या चेडवान घोव जित्तो असताना माका रांड केल्यान.’

रांड म्हणजे आमच्याकडे विधवा. तरी तो शब्द आईच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. त्याच दुपारी ती होडीवर चढली, माझ्याकडून फोन लावून घेतला आणि ताईला म्हणाली, ‘चवथीक येव नको. ह्या घरात परत पाय ठेव नको.’ समुद्राचा आवाज मोठा होता, तरी पलीकडून ताई काय म्हणाली ते मला ऐकू आलं. ‘बरां, आये.’ बस्स. ‘तूच तर म्हणतेस’ असं ती म्हणू शकली असती. तोंडाशी आलेली ती ओळ तिने गिळली आणि सगळा दोष पदरात घेतला.

आणि मी? मी भरून धाडलं होतं, मला सगळं माहीत होतं, आणि मी मिठाची गुळणी धरून बसले. आई आणि मी सबंध पावसाळा एकाच पडवीत बसून एकच गोष्ट लपवत होतो. काकी येऊन ताईच्या नावाने बोटं मोडायची, पैशासाठी बापूस मारलान म्हणायची, आई कोकमाची सोलं भिजत घालत राहायची. तिने अंगाई म्हणायचं बंद केलं होतं. मला रोज वाटायचं, आज सांगू. रोज वाटायचं, चतुर्थीला अजून वेळ आहे. या एका पावसाळ्याबद्दल मला स्वतःचा जेवढा राग आहे तेवढा पुढच्या आयुष्यातल्या कशाबद्दलही नाही.

चतुर्थीला पाच दिवस उरले होते. पाऊस उघडला होता, भरती चढत होती आणि सकाळच्या उन्हात ती होडी पलीकडच्या काठावरून सुटलेली मला दिसली. ती धक्क्याकडे वळली नाही. सरळ आमच्या माडांकडे आली. तेरा वर्षांनी बाबा आमच्या मागच्या दाराशी उतरले. धक्क्यावरून दिसायचे त्यापेक्षा लहानखुरे होते. पायरीवर चढले नाहीत, खालीच उभे राहिले.

‘माका लोक इचारतत, तुझां बारावां कदी झालां,’ ते आईला म्हणाले. ‘माका काय नाय त्याचां. पण थंयचां माझां चेडू शाळेत्सून रडत इलां. पोरां तेका म्हणतत, तुझो बापूस भूत.’

 आईने समोरची विळी आडवी केली.

‘शुभीक सांग, ती ओळ बदलूक व्हयी. ह्यां गाणां असां नव्हतां. माका आठावता.’ आणि त्या माणसाने, खाली मान घालून, घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवलं, ‘खाडयेपल्याड बापूस गेलो, भरतेवांगडा येतलो. मी तरी घेवन गेलंय काय तू शुभीक असां म्हणी होतंस.’

मी ती ओळ जन्मात पहिल्यांदा ऐकली. गाण्यातला बापूस खाडीपलीकडे गेलेला होता! तरीवर गेलेला, भरतीबरोबर घरी येणारा, साधा. आणि मग माझं तोंड आपोआप उघडलं, इतक्या महिन्यांचं एकदम. ‘तायन काय बदलूक नाय. आयेनच बदललां. माका ल्हानपणापासून असांच म्हणता ती, दर्याच्या पोटात. मियांच भरून धाडलंय तायेक.’

आईने माझ्याकडे बघितलं नाही. बाबांकडे बघितलं.

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘मियांच बुडवलंय तुका. ह्यां पोर अडीच वर्सांचां. बाबा खंय गेलो, म्हणान इचारी. खाडयेपल्याड म्हटलां काय उठान ह्या दारात येय, तुझ्या होडयेक हाका मारी. दोनदा पाण्यात उतारलां. एकदा माका केसांका धरून भायर ओढूचां लागलां. मगे मी काय सांगूचां होतां? दर्यात गेलो म्हटलां, तेवा गप निजलां.’

मला यातलं काहीच आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. मी पाण्यात उतरले होते आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

 बाबा म्हणाले, ‘मगे शुभीक कित्याक बोल लावलंस?’ आईने आडवी विळी पुन्हा सरळ केली. जाताना ते माझ्याकडे वळले. ‘तू निशा मां?’ मी मान हलवली. ‘मोठां झालंस,’ म्हणाले आणि होडीत बसले. माझ्या बापाशी माझं झालेलं हे सगळं बोलणं. ओळ बदलायला त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

आई तशीच उठून किनाऱ्यावर गेली. मी मागोमाग. होडीवर चढून तिने मला फोन लावायला सांगितला आणि ताईला म्हणाली, ‘चवथीक ये.’ त्यापुढे काही नाही. माफी हा शब्द आमच्याकडे अर्ज लिहिताना वापरतात, घरात नाही. मग ती काकीच्या अंगणात गेली आणि तिथे मात्र स्पष्ट सांगितलं की ओळ माझी आहे, पोरीला कुणी नाव ठेवायचं नाही. काकी उठून आपल्या वालीच्या वेलाला पाणी घालायला लागली, पाऊस होऊन गेलेला असताना.

पुढे ताईने एका कार्यक्रमात ती जुनी ओळ गायली, खाडीपलीकडची. लोकांना ती मुळीच आवडली नाही. इतकं खरं गाणं का बिघडवलंस, म्हणून तिला ढिगाने लिहिलं. मूळचीच ओळ ठेव, असा एकाने सल्लाही दिला. ताई मला ते वाचून दाखवताना हसत होती, पण त्यानंतर ती दर्याचीच ओळ गात राहिली. ज्यांनी त्या गाण्यात आपापला बाप ठेवला होता त्यांच्याकडून तो काढून घ्यायचा आपल्याला हक्क नाही, असं ती म्हणते. मला हे अजून पटलेलं नाही. पलीकडच्या त्या रडणाऱ्या मुलीचं काय, असं मी तिला विचारते, मग आमचं भांडण होतं.

त्या वर्षी ताई आली ती चतुर्थीच्या आदल्या दुपारी. केस कापलेले, खांद्याला गिटार. पाया पडली, आईने डोक्यावरून हात फिरवला, दोघींनी एकमेकींकडे नीट बघितलं नाही. मग आम्ही तिघी मागच्या पडवीत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरायला बसलो. आई लाटत होती, ताई सारण भरत होती, कडा मुरडायचं काम माझं. बऱ्याच नेवऱ्या झाल्या. मग आई लाटणं न थांबवता म्हणाली, ‘मियां सांगलंय सगळ्यांका. ओळ माझी म्हणान.’

‘माका म्हायत आसा ती तुझी,’ ताई म्हणाली. ‘तू निशाक निजयताना मी बाजूक पडान आयकी होतंय. दर्यात गेलो म्हणी होतंस. ह्यां निजायचां. मी सकाळी उठान भायर बघी होतंय, होडी थंयच.’

आईचं लाटणं थांबलं.

‘माका तां गाणां व्हयां होतां, आये. तू माका कदी तसां म्हटलंस नाय. म्हणान मीच म्हटलंय.’ ताईचा आवाज चढला नव्हता. चमच्याने ती सारण भरत होती आणि ते कडेने सांडत होतं. ‘तिका बुडवन दिलंस तो. माका कित्याक नाय दिलंस?’

आईने हातावरचं पीठ झाडलं. ‘तू मोठी होतंस, गो,’ ती म्हणाली.

‘अकरा वर्सांची होतंय, आये.’